सहा दारं, दोन संन्यासी : गाणाऱ्यांचा फार्स पुन्हा उभा करताना

फार्स बसवायला घेतला की पहिली बैठक नटांची नको, सुताराची हवी. संहिता कितीही चुरचुरीत असो, न्हाणीघराचं दार ऐन वेळी अडकलं की तिथला हशा तर जातोच, मागून येणारे तीन-चार हशेही जातात. फार्समध्ये प्रत्येक हशा आधीच्या हशाच्या खांद्यावर उभा असतो. म्हणून या लेखात नटांपेक्षा दारांबद्दलच जास्त बोलणं होणार आहे.

डोळ्यासमोर ठेवलेलं नाटक म्हणजे केन लुडविग यांचं 'लेंड मी अ टेनर'. लंडनला ते १९८६ साली आलं, ब्रॉडवेवर १९८९ साली, आणि २०१० मध्ये स्टॅन्ली टुची यांच्या दिग्दर्शनात ब्रॉडवेवरच पुन्हा उभं राहिलं. काळ १९३४, गाव अमेरिकेतलं क्लीव्हलँड. तिथल्या ऑपेरा कंपनीने एका रात्रीसाठी इटलीचा नामांकित गायक बोलावलेला. तो उशिरा येतो, बायकोशी भांडतो, झोपेचं औषध दुप्पट पोटात जातं आणि लाकडासारखा पडतो. बायको चिठ्ठी ठेवून निघून गेलेली. व्यवस्थापक आणि त्याचा साहाय्यक चिठ्ठी वाचून समजतात की बुवा, म्हणजे तो गायक, वारले. तिकिटं विकली गेली आहेत. मग साहाय्यकालाच रंगवून, वेष चढवून स्टेजवर ढकलतात. इकडे बुवा जागे होतात, दुसरा जोड अंगावर चढवतात, आणि एकाच वेषातली दोन माणसं एकाच बिऱ्हाडात फिरू लागतात. आठ पात्रं, दोन खोल्या, सहा दारं.

मराठी प्रेक्षकाला यातलं काहीच परकं नाही. बबन प्रभू आणि आत्माराम भेंडे यांनी 'झोपी गेलेला जागा झाला' आणि 'दिनूच्या सासूबाई राधाबाई' मधून याच जातीची पळापळ इथे रुजवली. गाणं आणि घोटाळा एकत्र नांदवायची सवय तर त्याहून जुनी. देवलांचा 'फाल्गुनराव' १८९३ चा, आणि त्यालाच पदं चढून १९१६ मध्ये 'संगीत संशयकल्लोळ' झालं. त्यामुळे ऑपेराच्या जागी संगीत नाटक कंपनी आणली की अर्धं काम आपोआप होतं. टेनरचे, म्हणजे ऑपेरातल्या उंच पट्टीच्या गायकाचे, होतात 'बुवा', व्यवस्थापकाचे 'मालक', हॉटेलच्या खोलीचं कंपनीचं बिऱ्हाड. आणि वेष होतो संन्याशाचा; तो का, ते पुढे येईल.

कागदपत्रांचं थोडक्यात. हे नाटक हक्काधीन आहे. परवानगी सॅम्युअल फ्रेंचच्या, म्हणजे आताच्या कॉन्कॉर्ड थिएट्रिकल्सच्या, मार्फत मिळते आणि रूपांतराची परवानगी वेगळी, लेखी घ्यावी लागते. प्रयोगाआधी मराठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यायची, ते हौशी संस्थेलाही चुकत नाही. त्यापेक्षा स्वतःचा नवा घोटाळा रचणं कित्येकदा सोपं पडतं. तोतया गवई ही कल्पना कुणाच्या मालकीची नाही.

पुनरुज्जीवन म्हटलं की पहिला मोह होतो काळ बदलण्याचा. मोबाइल आणायचा, मालिकांवर कोट्या करायच्या, चालू राजकारणावर एखादी टपली मारायची. हा मोह आवरावा. फार्सचं यंत्र चालतं ते 'कोण कुठे आहे हे कळायला मार्ग नाही' या एका चाकावर. बुवा कुठे आहेत हे एका फोनमध्ये कळत असेल तर दारं कितीही आपटा, प्रेक्षकाच्या मनात एकच प्रश्न राहतो : फोन का करत नाही हा? १९३४ ठेवलं की तार असते, आगगाडी चुकते, आणि माणूस दोन तास सुखाने बेपत्ता राहू शकतो. जागा ठाण्यातलीच घ्या. खाडीच्या बाजूला एखाद्या कंत्राटदाराचा बंगला, जीआयपी रेल्वेने येणारे बुवा, मालकांचं घड्याळाकडे बघणं.

बंगलाच घ्या, वाडा नको. वाड्याच्या दाराला दोन फळ्या आणि कडी-कोयंडा. दिसायला देखणं, पण दोन फळ्यांचं दार आपटत नाही. दोन्ही हात लागतात, आणि नटाच्या हातात तोवर कमंडलू नाहीतर ट्रंक असते. एका फळीचं, मूठ असलेलं बंगल्याचं दारच हवं.

आता मोजमाप. रंगमंचाची दर्शनी रुंदी ३० फूट धरली तर १६ फूट दिवाणखाना, १२ फूट निजायची खोली आणि मध्ये दोन फूट भिंत. ही मधली भिंत पूर्ण उभी करायची नाही. मागच्या बाजूला दाराची चौकट, पुढे फक्त एक फूट उंचीचा कठडा, नाहीतर बाजूच्या खुर्च्यांवरच्या लोकांना पलीकडची खोली दिसत नाही, आणि त्यांना न दिसलेली गोष्ट इतरांना दिसून ते हसले की हे लोक चिडतात. नेपथ्याचा आराखडा नक्की करण्याआधी त्या नाट्यगृहात पहिल्या रांगेच्या दोन्ही टोकांना आणि बाल्कनीच्या कोपऱ्यात प्रत्यक्ष बसून बघावं. गडकरी रंगायतनासाठी आखलेला सेट वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात तसाच बसेल हे गृहीत धरू नये. डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहातल्या लघु नाट्यगृहात करायचा विचार असेल तर आधी खोली मोजा. दारामागे माणूस उभा राहून वळू शकेल इतकी, म्हणजे किमान साडेतीन फूट, जागा राहायलाच हवी.

सहा दारं अशी : दिवाणखान्यातून व्हरांड्यात जाणारं, दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात, मधलं, निजायच्या खोलीतून त्याच व्हरांड्यात, न्हाणीघराचं आणि कपड्यांच्या कोठीचं. पैसे वाचवायला पाचवर आणण्याचा सल्ला कुणीतरी देतंच. ऐकू नये. दोन खोल्यांना व्हरांड्याचं वेगवेगळं दार असल्यामुळेच एक बुवा इकडून बाहेर पडून तिकडून आत येऊ शकतो. ते काढलं तर नाटकाचा दुसरा अंकच उरत नाही.

दाराचं माप दोन फूट नऊ इंच बाय साडेसहा फूट. खरं फ्लश डोअर वापरलं तर आवाज झकास येतो, पण एकेक फळी वीस किलोच्या घरात जाते, आणि चौकट धरणारा फ्लॅट, म्हणजे नेपथ्याची उभी भिंत, प्रत्येक आपटण्याला हलतो. भिंत हलली की बंगल्याचा बंगला पुठ्ठ्याचा होतो. दोन बाय एक इंचाच्या पट्ट्यांची चौकट करून दोन्ही बाजूंनी चार मिलिमीटरचा प्लाय मारला की फळी बरीच हलकी होते. तिचा आवाज मात्र पत्र्याच्या डब्यासारखा येतो. उपाय सोपा आहे. मुठीच्या बाजूच्या कडेला आतून १२ मिलिमीटर एमडीएफची उभी पट्टी ठोकायची आणि चौकटीला जिथे फळी टेकते तिथे रबर किंवा फेल्ट अजिबात लावायचं नाही. बिजागरीच्या बाजूला मात्र रबराची पट्टी हवीच, बोटं तिथेच सापडतात.

बिजागऱ्या तीन, चार इंची, पिन निघणाऱ्या. पिन काढली की फळी वेगळी, चौकट वेगळी. दोन प्रयोगांच्या मधल्या वेळेत सेट चढवायचा असताना एकेका स्क्रूमागे धावत बसायला सवड नसते.

दारं उघडावीत विंगेकडे, आणि बिजागरी प्रेक्षकांपासून लांबच्या बाजूला. फळी आत उघडली तर ती येणाऱ्या नटाला झाकते आणि फर्निचर खाते. अपवाद एकच, कोठीचं दार. त्यात लपलेला माणूस एका झटक्यात उघडा पडायला हवा, म्हणून ते रंगमंचाच्या बाजूला उघडायचं. विंगेकडे उघडणारं दार आत आलेला नट मूठ ओढून लावतो, तेव्हा सगळा झटका भिंतीला प्रेक्षकांच्या दिशेने बसतो, आणि नुसता मागून टेकवलेला टेका तो झटका अडवत नाही. टेका फ्लॅटला स्क्रूने आवळलेला आणि तळाशी वजनाखाली दाबलेला हवा. दर दाराला दोन्ही बाजूंनी एकेक टेका, प्रत्येकावर वीस किलोची वाळूची पिशवी. सहा दारांना बारा पिशव्या. बऱ्याच ठिकाणी रंगमंचावर खिळा ठोकू देत नाहीत, त्यामुळे या पिशव्यांना पर्याय नाही.

खरं कुलूप किंवा लॅच बसवू नये. बॉल कॅच बसवावा, ढकललं की लागतं, ओढलं की उघडतं. 'दार आतून बंद आहे' असं जिथे कथेत असेल तिथे विंगेच्या बाजूने एक साधी कडी आणि ती लावायला एक ठरलेला माणूस. मग रंगमंचावरचा नट जीव खाऊन ढकलतो तेव्हा फळी खरोखर अडते आणि अभिनय करावा लागत नाही.

ठाण्याच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं. मे महिन्यात छान बसलेलं दार जुलैमध्ये घासू लागतं. म्हणून तीन बाजूंनी चार-पाच मिलिमीटर आणि खाली पूर्ण सेंटिमीटर फट ठेवायची. फटीतून प्रकाश दिसतो ही तक्रार येते. ती बॅकिंगने, म्हणजे दारामागे लावलेल्या आडोशाने, मिटते, रंधा मारून नाही. उंबरा नको. चौकटीचे पाय धरून ठेवायला तळाशी तीन मिलिमीटरची लोखंडी पट्टी पुरते. रंगमंच सपाट असेलच असं नाही, तेव्हा सेट लागला की प्रत्येक चौकटीला पाणसळ लावून बघणं आणि गरजेप्रमाणे पाचर मारणं हे काम एकाच माणसाकडे द्यावं. दार आपोआप उघडत असेल तर चूक बॉल कॅचची नसते, चौकट तिरकी असते.

प्रत्येक दारामागे झिरोचे दोन बल्ब, एक लाल, एक हिरवा. लाल पेटला की तयार राहा, हिरवा पेटला की आत. संवाद ऐकून प्रवेश घ्यायची सवय इथे मोडावी लागते, कारण हशा मोठा झाला की दारामागे संवाद ऐकूच येत नाही.

दुसऱ्या अंकातली एक जागा जरा जवळून बघू. दिवाणखान्यात मालक आणि तोतया बुवा. निजायच्या खोलीत खरे बुवा, जटा सारख्या करत. एक : खरे बुवा निजायच्या खोलीच्या व्हरांडा-दाराने बाहेर पडतात, दार आपटतं. दोन : त्या आवाजाने दचकून तोतया मधल्या दाराने निजायच्या खोलीत शिरतो, दार लागतं. तीन : मालक सुस्कारा टाकतात, वळतात, आणि दिवाणखान्याच्या व्हरांडा-दारात खरे बुवा उभे. मालकांच्या लेखी हा माणूस आत्ताच पलीकडे गेला. आता हिशेब. खऱ्या बुवांना मागून साधारण पंधरा फूट चालायचं आहे, अंधारात, टेक्यांच्या पायांवरून, अंगात पायघोळ कफनी. पाच सेकंद लागतात, सहा धरा. तेवढा वेळ मालकांना एकटं वाक्य हवं. भरभर बोललं तर सेकंदाला तीन शब्द होतात, म्हणजे हे वाक्य अठरा शब्दांचं. रूपांतर करणाऱ्याने ते सुटसुटीत करून आठ शब्दांवर आणलं की मालक तीन सेकंद हवेत हात फिरवत उभे, आणि प्रेक्षकाला दाराकडे बघायला मोकळा वेळ. दाराकडे आधी नजर गेली की मजा संपली. फार्समध्ये वाक्याची लांबी मागच्या धावण्याच्या अंतरावर ठरते. हे भाषांतरकाराला पटवणं सगळ्यात अवघड.

भाषांतराचाच विषय निघाला तर त्या चिठ्ठीबद्दल. इंग्रजीत क्रियापदाला लिंग नसतं, त्यामुळे 'मी कायमची सोडून चालले' ही बायकोची चिठ्ठी नवऱ्याने लिहिलेली वाटू शकते. मराठीत 'चालले' म्हटलं की संपलं, पहिल्या रांगेतली आजीसुद्धा ओरडून सांगेल की बाईने लिहिलंय. ही गाठ न सोडवताच बसवलेलं रूपांतर पहिल्या अंकाच्या शेवटी कोसळतं. सुटका भविष्यकाळात आहे. 'मी परत येणार नाही. माझा शोध घेऊ नये. हा संसार आता सहन होणार नाही.' यात कुठेच बाई नाही की पुरुष नाही. सही नाही, मायना नाही. शेवटचं वाक्य मालकांनी 'संसार' शब्दावर अडखळत वाचावं, संसार म्हणजे इहलोक असा अर्थ त्यांच्या तोंडून निघाला की पुढचं काम प्रेक्षक करतो. चिठ्ठी जाड कागदावर, खरोखर लिहिलेली, दर प्रयोगाला नवी. ती चुरगळली जाते, एकदा तोंडातही जाते, म्हणून दोन प्रती जास्तीच्या.

इंग्रजीत नाही अशी एक सोयही मराठी देते. बायको नवऱ्याला नावाने हाक मारत नाही, 'अहो' म्हणते. हे 'अहो' दाढी-जटांतल्या कुठल्याही पुरुषाला लागू पडतं. कंपनीतले सगळे 'बुवा' म्हणतात, तेही दोघांना चालतं. नावाची हाक लागतेच अशा दोन-तीन जागा शोधून तिथे 'अहो' घालावं.

वेष. मूळ नाटकात गायक ऑथेल्लो करायचा आणि चेहरा काळा रंगवायचा. त्यावर पुढे रास्त आक्षेप आले आणि लेखकाने नंतरच्या आवृत्तीत तिथे 'पाल्याची' या ऑपेरातला विदूषक आणला. आपल्याला हा वाद ओढवून घ्यायचं कारणच नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'सौभद्रा'त (१८८२) अर्जुन त्रिदंडी संन्यासी बनून सुभद्रेकडे जातो. भगवी कफनी, जटा, दाढी, हातात कमंडलू आणि दंड. तोतयासाठी याहून चांगला वेष नाही, आणि मुळात ती भूमिकाच वेषांतराची असल्यामुळे तोतयाने तोतयाची भूमिका करण्याची जादा गंमत फुकट मिळते. किर्लोस्कर १८८५ साली गेले, त्यामुळे पदं वापरायला कुणाची परवानगी नको. कुणाचं ध्वनिमुद्रण वाजवायचं असेल तर ती गोष्ट वेगळी. अडचण एकच. पहिल्या अंकात अर्जुन वेषांतराविना, उघड्या चेहऱ्याने येतो. तेव्हा त्या रात्री कंपनीने 'निवडक प्रवेश' लावलेत, असं मालकांच्या एका वाक्यात सुरुवातीलाच सांगून टाकावं.

दोन्ही कफन्या एकाच ताग्यातून कापायच्या आणि एकदमच धुवायच्या. एक जास्त धुतली गेली की भगवा फिका पडतो आणि वरच्या दिव्यात लगेच दिसतो. पुढून उघडणारी कफनी, आत प्रेस बटणं. वेल्क्रो नको, त्याचा फर्रर्र आवाज विंगेतून थेट तिसऱ्या रांगेपर्यंत जातो. दोन नटांच्या उंचीत दोन इंचांपेक्षा जास्त फरक नसावा. असेल तर बुटक्याची जटा उंच बांधावी आणि खडावांना इंचभर जादा लाकूड द्यावं. खडावांच्या तळाला सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटवायचं, नाहीतर प्लायवरून धावताना माणूस घसरतो. टाचेखालचा मात्र नखाएवढा तुकडा मोकळा ठेवायचा, म्हणजे खट्-खट् आवाज शाबूत राहतो आणि बुवा व्हरांड्यातून येताहेत हे आधी ऐकू येतं.

पात्रांचा गोंधळ उडाला पाहिजे, प्रेक्षकांचा कधीच नाही. खऱ्या बुवांची रुद्राक्षमाळ उजव्या मनगटावर, तोतयाची डाव्या. शिवाय तोतयाची चाल सुरुवातीला जरा वाकलेली, साहाय्यकाचीच. प्रेक्षक दोन मिनिटांत शिकतो. दिग्दर्शकाला स्वतःला तालमीत 'हा कोण?' असा प्रश्न पडला तर फरक कमी पडला असं समजावं.

दाढी हा वेगळाच ताप. क्रेपची दाढी गमने चिकटवायला वीस मिनिटं लागतात. तोतयाकडे दीड मिनिट असतं. जाळीवर बांधलेली दाढी घ्यावी, इलॅस्टिक जटांखाली लपतं. ती एकसंध असली तर जबडा पूर्ण उघडत नाही आणि तार षड्ज लागायच्या जागी आवाज घशात अडकतो. मिशी वेगळी, हनुवटीचा भाग वेगळा, गालांचे दोन वेगळे, असे तुकडे करून मधे अर्ध्या सेंटिमीटरची मोकळीक ठेवली की गाता येतं. कॉलर माइक छातीवर लावला तर दाढी त्यावर घासून खरखर करते. माइक कपाळावर, जटांच्या काठाखाली. तिथे घाम येतो, म्हणून मध्यंतरात टिपून घ्यायची जबाबदारी रंगभूषेच्या मदतनिसाला द्यावी.

गाणं. इथे सवलत नाही. तोतयाने खरोखर गायलं पाहिजे, आणि चांगलं गायलं पाहिजे. सगळा घोटाळा एका गोष्टीवर उभा आहे, की इतके दिवस ट्रंका उचलणाऱ्या या पोराच्या गळ्यात सूर आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. ट्रॅकवर ओठ हलवले की प्रेक्षकाला ते ताबडतोब कळतं आणि तो पोरगा नुसता लबाड ठरतो. नट निवडताना आधी गाणं ऐकावं, मग विनोद. उलटं केलेलं निभत नाही.

मूळ नाटकात पहिल्या अंकात बुवा आणि साहाय्यक मिळून व्हर्दीच्या 'डॉन कार्लो'मधलं द्वंद्वगीत म्हणतात. मराठीत त्या जागी तालीम द्यावी. बुवा एक जागा, म्हणजे गाण्यातली हरकत, घेतात, पोरगा अडखळतो, बुवा पोटावर हात ठेवून श्वास दाखवतात, पोरगा पुन्हा घेतो आणि या वेळी जागा पडते. दोघांची पट्टी एक हवी. एक पेटीवरच्या काळी एकचा आणि दुसरा काळी तीनचा असेल तर काळी दोनवर दोघांनाही थोडा त्रास देऊन जमवता येतं, त्यापलीकडे नट बदलावा. एकूण तीन मिनिटं, जास्त नाही. फार्समध्ये गाणं चालू असताना घड्याळ थांबतं, आणि थांबलेलं घड्याळ पुन्हा चालू करायला दुप्पट मेहनत लागते.

संगीत नाटक म्हटलं की वन्स मोअर येणारच. समोरच्या प्रेक्षकांना तो द्यायचा नाही, हे पेटीवाल्याशी आधीच पक्कं करावं, नाहीतर तो कौतुकाने सूर धरून बसतो. त्यापेक्षा वन्स मोअरच कथेत घ्यावा. दुसऱ्या अंकात तोतया शेजारच्या थिएटरात गातोय, त्याचं पद संपत आलंय, बिऱ्हाडात खऱ्या बुवांना पळायला वेळ नाही. तेवढ्यात दुरून 'वन्स मोअर' असा गलका होतो आणि सगळ्यांना नव्वद सेकंद मिळतात. या आवाजाचा स्पीकर सभागृहातला नको. वेगळा स्पीकर मागे, सायक्लोरामाच्याही (रंगमंचाच्या टोकाच्या मोठ्या पडद्याच्याही) पलीकडे, भिंतीकडे तोंड करून ठेवायचा. तो आवाज लांबून, भिंतीपलीकडून आला तरच खरा वाटतो.

तबलजीला एकच सूचना. पावसाळ्यात टेम्पोतून आलेला तबला उतरलेला असतो आणि एसी सभागृहात तासाभरात चढतो. पहिल्या घंटेच्या आधी लावला म्हणजे झालं असं नाही, मध्यंतरात पुन्हा लावायचा.

बुवांना झोपेचं औषध पेल्यातून दिलं जातं. पेला पितळी घ्यावा. आत किती आहे ते दिसत नाही, त्यामुळे भरावा लागत नाही, आणि पडला तर फुटत नाही. आत दोन घोट कोमट पाणी. सरबत नको, सांडलं की फरशी चिकट होते आणि खडावा तिथेच अडतात.

तालमींबद्दल. सोसायटीच्या हॉलमध्ये दोन खुर्च्यांना दार समजून महिनाभर तालीम करणं हा नेहमीचा आणि सगळ्यात महागात पडणारा प्रकार. खुर्चीला आवाज नसतो, वजन नसतं आणि ती कधी अडकत नाही. नटांच्या अंगात जी लय बसते ती खऱ्या दारासमोर पहिल्याच दिवशी मोडते. सहाही नको, पण निदान दोन चालू दारं, चौकटीसकट, तिसऱ्या आठवड्यापासून तालमीत हवीत. जमिनीवर चिकटपट्टीने पूर्ण आराखडा आखावा, मागच्या धावपट्टीसकट. एक दार-तक्ता करावा : कोण, कुठल्या दाराने, आत की बाहेर, कुठल्या शब्दावर, हातात काय. उघड-मीट शंभराच्या वर सहज जाते. हा तक्ता रंगमंच व्यवस्थापकाकडे आणि प्रत्येक दाराच्या मागच्या बाजूला त्या-त्या दारापुरता, मोठ्या अक्षरात चिकटवलेला. नियम एकच : उघडेल त्यानेच लावायचं. दुसरा लावेल म्हणून सोडलेलं दार हमखास उघडं राहतं आणि मागे उभा असलेला मृत बुवा पाणी पिताना दिसतो.

दारावरच्या हशाची रीत ठरलेली आहे. दार लागतं, एक क्षण कुणीही हलत नाही, मग वाक्य. तो क्षण खाल्ला तर हशा फुटत नाही, लांबवला तर नट हशाची भीक मागतोय असं दिसतं. हशा फुटला की तो पूर्ण विरेपर्यंत थांबू नये. उतरणीला लागला की पुढचं वाक्य टाकावं, जरा वरच्या आवाजात. हे घरी शिकता येत नाही, म्हणून रंगीत तालमीला वीस-पंचवीस परके लोक बसवावेत. संस्थेतली मंडळी चालत नाहीत, ती ठरलेल्या जागी हसतात. पहिली वीस मिनिटं संथ वाटली तर घाबरून ती कापू नयेत. दारं कुठे जातात आणि कोण कुणाला घाबरतं हे प्रेक्षक तेव्हाच शिकतो. आणि नटांनी गंमत करू नये. मालकांना बुडणारे पैसे दिसत असतात, पोराला फजिती दिसत असते. दोघंही घामाघूम असले की पुरे.

ब्रॉडवेच्या १९८९ च्या प्रयोगात पडदा पडण्याआधी अख्खं नाटक मिनिट-दीड मिनिटात, शब्दांवाचून, भरधाव पुन्हा करून दाखवत. बघायला अफलातून, करायला धोक्याचं. त्यासाठी वेगळ्या आठ-दहा तासांच्या तालमी लागतात आणि दारांमागे प्रत्येकी एक माणूस लागतो. आठ प्रयोग झाल्यावर, सगळ्यांच्या पायांना वाटा पाठ झाल्या की मग घ्यावं. आधी घेतलं तर कुणाचं तरी नाक फुटतं.

सामान चौदा फुटी टेम्पोत बसतं, भरायचा क्रम नीट असेल तर : आधी फ्लॅट उभे, मग चौकटी, मग फळ्या मधे चादर घालून, सगळ्यात शेवटी वाळूच्या पिशव्या, कारण उतरवताना त्या सगळ्यात आधी लागतात. ठाण्याहून वाशीला जायचं तर ऐरोली पुलाचा किंवा ठाणे-बेलापूर रस्त्याचा संध्याकाळचा खोळंबा धरून निघावं. प्रत्येक फळीवर, तिच्या चौकटीवर आणि बिजागरीच्या पिनांच्या पिशवीवर एकच नंबर रंगवावा. सहाही दारं एका मापाची असली तरी दोन प्रयोगांनंतर प्रत्येक फळी आपल्याच चौकटीत नीट बसते, दुसरीत घासते. पिनांची सातवी पिशवी जादा ठेवावी, आणि ती टेम्पोत नाही, व्यवस्थापकाच्या खिशात.